ढालीखालचा काळोख : ‘हायलँडर २ : द क्विकनिंग’

चित्रपट सुरू होतो तेव्हा एक थकलेला म्हातारा ऑपेरागृहात बसलेला असतो. रंगमंचावर वाग्नरच्या ‘ग्योटरडेमरुंग’चा प्रयोग चालू आहे, देवांच्या अस्ताची कथा गायली जात आहे, आणि तो म्हातारा ती ऐकतो आहे की स्वतःचेच काही आठवतो आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. बाहेर दमट उकाडा आहे. आकाशात सूर्य नाही, चंद्र नाही, चांदण्या नाहीत. पंचवीस वर्षांत कोणी त्या पाहिलेल्या नाहीत, आणि ज्या ढालीने त्या झाकल्या आहेत ती ढाल याच म्हाताऱ्याच्या पुढाकाराने उभी राहिली आहे. या पहिल्या काही मिनिटांत एका मोठ्या विज्ञानपटाची सगळी सामग्री हजर असते. पुढच्या पाव तासात ती कशी विस्कटते हे पाहणे मला आजही त्रासदायक वाटते, आणि तरीही दर काही वर्षांनी मी हा चित्रपट पुन्हा लावतो. असे का होते, याचाच शोध या परीक्षणात घेतो आहे.

१९८६ चा मूळ ‘हायलँडर’ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकातील स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात कॉनर मॅक्लाउड नावाचा तरुण लढाईत प्राणघातक जखमी होतो, पण मरत नाही. त्याच्यासारखे अमर योद्धे जगभर विखुरलेले आहेत. त्यांना मारण्याचा एकच मार्ग म्हणजे शिरच्छेद, आणि ज्याचा शिरच्छेद झाला त्याची शक्ती विजेच्या कल्लोळासह मारणाऱ्यात उतरते. तिलाच ‘क्विकनिंग’ म्हणतात. शेवटी एकच उरणार असतो, आणि तो उरतो. मॅक्लाउड जिंकतो, मर्त्य होतो, त्याला म्हातारपण येणार असते, मुले होणार असतात. गोष्ट तिथे इतकी पूर्ण झाली होती की पुढे काही सांगायला जागाच शिल्लक नव्हती. मात्र अमेरिकेत चित्रपटगृहांतून लवकर उतरलेला तो चित्रपट युरोपात आणि नंतर घरोघरच्या व्हिडिओवर चांगला चालला, आणि ज्या गोष्टीला पुढचा भाग शक्य नव्हता तिचा पुढचा भाग काढण्याचे ठरले. दिग्दर्शक तोच, रसेल मल्केही. नायक क्रिस्तोफर लँबर्ट तोच. आणि पहिल्या भागात मारले गेलेले रामिरेझ हे पात्र साकारणारे शॉन कॉनरीसुद्धा तेच.

अडचण इथून सुरू होते. मूळ चित्रपटात हे योद्धे अमर का आहेत, याचे कोणतेही कारण दिलेले नव्हते, आणि ते न देणे हीच त्याची सर्वांत शहाणी गोष्ट होती. १९९१ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या या उत्तरभागाने ते कारण दिले. अमर योद्धे हे ‘झाइस्ट’ नावाच्या परग्रहावरून हद्दपार केलेले बंडखोर आहेत, मॅक्लाउड आणि रामिरेझ यांची ओळख तिथलीच आहे, आणि त्यांना शिक्षा म्हणून पृथ्वीवर धाडण्यात आले आहे, असे तो सांगतो. एका वाक्यात पहिल्या चित्रपटाचा पाया काढून घेतला जातो. ज्या मॅक्लाउडचे गाव, कुळ आणि नातलग आपण पाहिले, ज्याला मरणातून उठलेला पाहून त्याच्याच माणसांनी सैतानाचा साथी ठरवून गावाबाहेर हाकलले, तो मुळात कुठल्याच गावाचा नव्हता असे ठरते. रामिरेझ त्याला स्कॉटलंडमध्ये प्रथम भेटतो, स्वतःची ओळख करून देतो आणि तो कोण आहे हे त्याला समजावून सांगतो, हा पहिल्या भागातील सुंदर प्रसंग निरर्थक होतो, कारण आता ते जुने साथीदार आहेत. अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेला तेल मागत नर्मदेच्या काठी फिरतो असे ऐकताना तो कोणत्या प्रक्रियेने जिवंत राहिला असे आपण विचारत नाही. त्याचे भळभळते कपाळ आणि त्याचे कधीही न संपणारे चालणे एवढेच आपल्याला पुरते. अमरत्वाच्या कथेत ‘कसे’ या प्रश्नाला फारसे वजन नसते, ‘मग पुढे काय’ या प्रश्नाला असते. मूळ चित्रपट हे ओळखून होता. शतकानुशतके आपली माणसे मरताना पाहणे म्हणजे काय, एवढाच त्याचा विषय होता.

दुसरा दोष कथेच्या यंत्रणेतला आहे, आणि तो पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. २०२४ सालातला मॅक्लाउड वृद्ध आहे, थकलेला आहे, मरणाच्या वाटेवर आहे. झाइस्टवरचा जुलमी सेनापती काटाना थोडी वर्षे थांबला असता तर त्याचा शत्रू नैसर्गिक मरणाने संपला असता. पण तो थांबत नाही. दोन मारेकरी पाठवतो. मॅक्लाउड त्यांना मारतो, क्विकनिंग होते, आणि तो पुन्हा तरुण आणि अमर होतो. म्हणजे खलनायकाच्या कृतीमुळेच नायकाला ते बळ मिळते ज्याची खलनायकाला भीती होती. हाच प्रसंग नियतीच्या क्रूर खेळासारखा रंगवता आला असता. भीतीपोटी केलेली कृतीच भीती खरी करते, हे कथाबीज जगातील कितीतरी पुराणकथांत आहे. इथे मात्र पटकथेला आपण काय केले याची जाणीवच नाही. रामिरेझ परत कसा येतो, याचेही उत्तर नाही. मॅक्लाउड त्याला हाक मारतो आणि तो येतो.

चित्रपट असा का झाला, याचा मोठा भाग पडद्यामागे घडला. चित्रीकरण अर्जेंटिनात झाले. स्वस्तात भव्य चित्रपट बनवता येईल, असा त्यामागचा हिशेब होता. पण तो काळ तिथल्या अर्थव्यवस्थेच्या कोसळण्याचा होता; १९८९ मध्ये त्या देशातील महागाईचा वार्षिक दर तीन हजार टक्क्यांच्या वर गेला होता आणि पुढच्या वर्षीही परिस्थिती सावरलेली नव्हती. चलनाची किंमत अशी रोज बदलत असताना कोणत्याही निर्मितीचे अंदाजपत्रक टिकणे अवघडच. अखेर चित्रपट पूर्ण होण्याची हमी घेणाऱ्या कंपनीने निर्मितीची सूत्रे ताब्यात घेतली, आणि संकलनाच्या टेबलावर दिग्दर्शकाचा शब्द शेवटचा राहिला नाही. प्रेक्षकांपुढे आला तो चित्रपट मल्केही यांच्या मनातला नव्हता. हे सांगून मी पटकथेचे दोष माफ करत नाही. परग्रहाची कल्पना हमी घेणाऱ्यांनी आणलेली नव्हती. पण दृश्यांचा तुटलेला क्रम, मध्येच संपणारे प्रसंग आणि कोण कुठे का गेला हे न कळणे, ही त्या ओढाताणीची खूण आहे, आणि पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

म्हणूनच या चित्रपटाचे परीक्षण करताना आधी कोणती आवृत्ती, हे विचारावे लागते. १९९१ ची अमेरिकी आवृत्ती सुमारे दीड तासाची आहे आणि ती सर्वांत दुबळी आहे. युरोपात दाखवलेली आवृत्ती तिच्याहून थोडी लांब होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यात मल्केही यांनी स्वतः पुन्हा संकलन केले आणि ‘रेनिगेड’ या नावाने ती आवृत्ती आणली; ती पावणेदोन तासांहून जरा जास्त आहे. तिच्यात झाइस्ट हा ग्रह नाहीच. अमर योद्धे पृथ्वीवरच्याच एका अतिप्राचीन, विस्मृत संस्कृतीतले आहेत आणि त्यांना भविष्यकाळात हद्दपार केले आहे, अशी नवी मांडणी तिथे येते. त्यानंतर २००४ मध्ये दृश्यचमत्कार नव्याने करून आणखी एक आवृत्ती निघाली, आणि तिच्यात ढालीचा रंग तांबड्याऐवजी निळा झाला. एकाच चित्रपटाची इतक्या वेळा डागडुजी होणे ही क्वचित घडणारी गोष्ट आहे. सामान्यतः अपयशी चित्रपट विसरले जातात. याला मात्र त्याच्याच कर्त्याने वर्षानुवर्षे सोडले नाही.

या आवृत्त्या लागोपाठ पाहिल्या की संकलन काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याचा वस्तुपाठच मिळतो. ‘रेनिगेड’मध्ये क्रम सुधारला आहे, लढतींना त्यांची जागा मिळाली आहे, मॅक्लाउड आणि त्याची साथीदार लुईझ मार्कस यांच्यातील विश्वास एकदम उगवल्यासारखा वाटत नाही. मुख्य म्हणजे ढालीच्या वर जाऊन खरे आकाश पाहण्याचा प्रसंग कथेत आपल्या वजनाने बसतो. पण ‘परग्रह’ हा शब्द पुसून ‘प्राचीन काळ’ लिहिल्याने मूळची चूक मिटत नाही, कारण चूक स्थळाची नव्हती, स्पष्टीकरण देण्याच्या हट्टाची होती. रामिरेझ आणि मॅक्लाउड आधीपासून एकमेकांना ओळखत होते, हे अजूनही तसेच राहते. शिवलेली फाट दिसतेच. तरीही शिवणाऱ्याचा हात प्रामाणिक आहे.

आता त्या ढालीकडे येतो, कारण माझ्या मते हा चित्रपट आजही पाहावा तो केवळ तिच्यासाठी. कथेप्रमाणे विसाव्या शतकाच्या अखेरीस ओझोनचा थर इतका विरळ होतो की माणसे उन्हाने मरू लागतात. मॅक्लाउडची पत्नी ब्रेंडा त्यांपैकीच एक. तिला दिलेल्या शब्दाखातर तो शास्त्रज्ञांच्या एका गटाचे नेतृत्व करतो आणि १९९९ मध्ये पृथ्वीभोवती विद्युतचुंबकीय ढाल उभी राहते. माणसे वाचतात. पण आकाश जाते. पुढच्या पंचवीस वर्षांत ढाल एका कंपनीच्या ताब्यात जाते, तिचे शुल्क वसूल होत राहते, आणि वरचा ओझोनचा थर केव्हाच भरून आला आहे ही गोष्ट कंपनी दडवून ठेवते. रोग बरा झाला आहे, पण औषधाचे बिल चालू आहे, आणि रोगी बरा झाल्याचे त्याला कोणी सांगत नाही. ज्याने ते औषध शोधले तो माणूस म्हातारा होऊन स्वतःच्याच पुण्यकर्माच्या सावलीत बसला आहे. हे कथाबीज मला विज्ञानकथेतील उत्तम कथाबीजांपैकी वाटते. त्यात तंत्रज्ञानाला शिव्या नाहीत, उपायाला उपाय म्हणून मान आहे, आणि उपायाची मुदत संपल्यावरही तो ज्यांच्या हिताचा उरतो त्यांच्याविषयीचा संताप आहे.

आणि हे सगळे हवेत रचलेले नव्हते. क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे ओझोनचा थर झिजू शकतो, हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले होते. १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणातील शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुवावरील ओझोनची प्रचंड घट प्रसिद्ध केली, आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी असे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मॉन्ट्रियल करार झाला. हा चित्रपट बनत होता तेव्हा तो करार अमलात येऊन फार काळ लोटला नव्हता आणि तो यशस्वी होईल याची खात्री कोणालाच नव्हती. चित्रपटातले भय त्या वेळच्या वर्तमानपत्रांतले भय होते. कथेतले २०२४ साल आता मागे पडले आहे, आणि त्या जगातला ओझोन जसा भरून आला तसाच आपल्या जगातलाही हळूहळू भरून येतो आहे. २०२३ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने झालेल्या शास्त्रीय आढाव्यानुसार, सध्याची धोरणे टिकली तर जगाच्या बहुतांश भागात २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास ओझोन १९८० च्या पातळीवर येईल. ते घडते आहे कोणत्याही ढालीशिवाय, घातक वायूंचे उत्पादन थांबवल्यामुळे. ही बातमी माहीत असताना हा चित्रपट पाहिला की ढालीवर घालवलेली ती काल्पनिक पंचवीस वर्षे अधिकच करुण वाटतात.

विज्ञानाच्या बाजूने आक्षेप घ्यायचे तर पुष्कळ घेता येतील. अतिनील किरण अडवायचे म्हणून दृश्य प्रकाशही संपूर्ण अडवणारी ढाल बांधली तर शेती कशी होते आणि लोक काय खातात, याबद्दल चित्रपट अवाक्षर काढत नाही. सूर्यप्रकाशच पोहोचत नसेल तर पृथ्वी थंड पडायला हवी. इथे ती तापलेली आणि घामेजलेली आहे. ढाल आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, असे एक वाक्य कुणाच्या तोंडी घातले असते तरी काम भागले असते. मला या चुकांनी फार त्रास होत नाही. रूपक म्हणून ढाल उभी राहते, आणि रूपकाला पीकपाण्याचा हिशेब द्यावाच लागतो असे नाही. मात्र ज्या चित्रपटाने अमरत्वासारख्या गूढाचे कारण देण्याचा अट्टाहास केला, त्याने जिथे कारणाची खरोखर गरज होती तिथे गप्प राहावे, हे खटकते.

मल्केही मूळचे म्युझिक व्हिडिओंचे दिग्दर्शक. एमटीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली तेव्हा तिच्यावर दाखवलेला पहिला व्हिडिओ त्यांचाच होता. दृश्यावरची ही पकड या चित्रपटात ठायी ठायी दिसते. ओले काळे रस्ते, वाफाळणारी भुयारे, जुन्या धाटणीच्या मोटारी आणि हॅट घातलेली माणसे, आणि या सगळ्यावर पसरलेला तांबूस अंधार. भविष्यकाळ इथे चकचकीत नाही, तो कुबट आहे. २००४ च्या आवृत्तीतली निळी ढाल दिसायला अधिक नीटनेटकी असली तरी मला मूळची तांबडीच योग्य वाटते. गुदमरण्याचा रंग निळा नसतो. पार्श्वसंगीत ‘द पोलीस’ या वाद्यवृंदाचे ढोलवादक स्टुअर्ट कोपलँड यांचे आहे. पहिल्या भागातील ‘क्वीन’ या वाद्यवृंदाच्या गाण्यांची आठवण ज्यांच्या मनात ताजी आहे त्यांना ते कोरडे वाटेल, पण ऑपेरापासून सुरू होणाऱ्या या उदास जगाला ते शोभते.

अभिनयाबद्दल बोलायचे तर लँबर्ट यांनी वृद्ध मॅक्लाउडसाठी धरलेला घोगरा, ओढलेला आवाज सुरुवातीला कृत्रिम वाटतो, आणि तरीही तरुण झालेल्या मॅक्लाउडपेक्षा तो म्हाताराच अधिक लक्षात राहतो. चित्रपटाने त्याला आणखी अर्धा तास म्हातारा राहू द्यायला हवे होते. कॉनरी यांचा रामिरेझ जणू वेगळ्याच चित्रपटात आहे. तो स्कॉटलंडमध्ये ‘हॅम्लेट’च्या प्रयोगात थेट रंगमंचावर अवतरतो, शिंप्याच्या दुकानात नवा पोशाख शिवून घेतो, विमानात बसतो, ही सगळी दृश्ये खेळकर आहेत आणि कॉनरी ती सहज निभावतात, पण मुख्य कथेशी त्यांचा धागा जुळत नाही. मायकेल आयर्नसाइड यांचा काटाना पूर्ण ताकदीने, कसलाही संकोच न बाळगता रंगवलेला आहे. भुयारी रेल्वे ताब्यात घेऊन ती वेडाच्या वेगाने पळवण्याचा त्यांचा प्रसंग कथेला कुठेच नेत नाही, पण तो एकदा पाहिला की विसरत नाही. व्हर्जिनिया मॅडसन यांच्या वाट्याला आलेली लुईझ ही खरे तर कथेतली सर्वांत धाडसी व्यक्ती. कंपनीचे खोटे शोधून काढणारी तीच. पटकथेने तिला लवकरच नायकाच्या मागे धावायला लावले, हा मला झाइस्टइतकाच मोठा अन्याय वाटतो.

प्रदर्शनानंतर समीक्षकांनी या चित्रपटाला जवळजवळ एकमुखाने नाकारले. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी अर्धा तारा दिला आणि तो जवळजवळ थक्क करणारा वाईट चित्रपट असल्याचे लिहिले. १९९२ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेने आणि १९९४ च्या तिसऱ्या चित्रपटाने झाइस्टची कथा घडलीच नाही असे धरून पुढची वाट काढली. स्वतःच्याच मालिकेने नाकारलेला चित्रपट म्हणून त्याच्याभोवती एक कुतूहल साठत गेले. मूळ चित्रपटाचे चाहते तो एकमेकांना इशारा म्हणून दाखवू लागले, मग आवृत्त्या ताडून पाहू लागले, कोणते दृश्य कुठे गेले याच्या नोंदी ठेवू लागले. त्याला ‘कल्ट’, म्हणजे मोजक्या पण निष्ठावान चाहत्यांचा चित्रपट, म्हणताना अनेकदा केवळ टिंगल अभिप्रेत असते. मला ते अपुरे वाटते. निव्वळ टिंगलीसाठी माणूस एकच चित्रपट चार वेगवेगळ्या रूपांत पाहत नाही. त्यात काहीतरी हरवले आहे आणि ते कुठेतरी सापडेल, अशी आशा असल्याशिवाय हे होत नाही.

ज्यांना हा चित्रपट पाहायचा आहे त्यांनी आधी १९८६ चा मूळ चित्रपट पाहावा आणि मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत. लागोपाठ पाहिल्यास संतापाशिवाय काही हाती लागणार नाही. त्यानंतर ‘रेनिगेड’ आवृत्ती घ्यावी. अमेरिकी आवृत्ती फक्त तुलनेच्या हौसेसाठी, आणि तीही नंतर. तलवारींच्या लढती अधूनमधून चांगल्या आहेत, पण त्यांच्यासाठी हा चित्रपट निवडू नये. ज्यांना विज्ञानपटात कल्पनेची झेप प्रिय आहे आणि तिच्यासाठी तुटकी पटकथा सोसण्याची तयारी आहे, त्यांना मी तो मनापासून सुचवेन. पाचपैकी गुण द्यायचे तर अमेरिकी आवृत्तीला एक आणि ‘रेनिगेड’ला अडीच. त्यांतले दोन ढालीला आणि उरलेला अर्धा ऑपेरागृहात बसलेल्या त्या म्हाताऱ्याला.